पाळी, नंबर आणि पंक्तिप्रपंच

मराठीत 'रांग' हा शब्द जितका साधा वाटतो तितका त्याचा संसार साधा नाही. त्याच्या आसपास ओळ आहे, पंगत आहे, पाळी आहे, बारी आहे, आणि इंग्रजीतून येऊन पुरता मराठी झालेला 'नंबर' आहे. या शब्दांच्या अर्थच्छटा तपासल्या तर आपल्या समाजाने वाट पाहण्याची व्यवस्था कशी लावली याचा एक छोटा इतिहासच हाती येतो. 'पंगत' हा संस्कृत पंक्तीचा तद्भव. पंगतीत बसलेल्याला पान वाढले जाणारच, आणि शेजारच्याला जे मिळेल तेच मिळणार, ही त्यातली अपेक्षा. ती मोडली की आपण 'पंक्तिप्रपंच' झाला म्हणतो. 'पाळी' कालव्याच्या पाण्याची असते आणि ती आधीपासून ठरलेली असते. 'बारी' देवळातली. 'नंबर' मात्र लावावा लागतो. पिठाच्या गिरणीत डबा ठेवून लावला जातो, रॉकेलच्या दुकानापुढे रिकाम्या टिनाच्या डब्याने लावला जाई, आणि एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकूनही तो लागतो.

डबा रांगेत ठेवून माणसाने दुसऱ्या कामाला जाणे, हे या लेखाच्या विषयाचे बीज आहे. कारण जगातल्या मोठमोठ्या मनोरंजन उद्यानांनी गेल्या पंचवीस वर्षांत जी 'आभासी रांग' उभी केली आणि जिच्यामुळे सहलीचे रूपच पालटले, तिचे तत्त्व गिरणीतल्या डब्याहून वेगळे नाही. वेगळे आहे ते पुढे काय झाले ते. गिरणीवाल्याने डब्याचा क्रम कधी विकायला काढला नव्हता.

१

आपल्याकडे करमणुकीचा मूळ मांड जत्रेचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वणीची रंगनाथस्वामींची जत्रा, शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, आणि पुसदहून घाट चढून जावे असे माहूर. जत्रेत देवदर्शन, बाजार आणि खेळ ही तिन्ही कामे एकाच फेरीत होत. ज्याला आज 'राइड' म्हणतात तो पाळणा पूर्वी लाकडाचा असे, चार खोक्यांचा, आणि तो फिरवणारा माणूस अंगबळाने फिरवी. पुढे लोखंडी आकाशपाळणे आले, इंजिन आले, 'मौत का कुआँ' आला, तंबूतला सिनेमा आला.

या व्यवस्थेत प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. पाळण्याचे तिकीट पाळण्यापाशी, तंबूचे तंबूपाशी. खिशात जेवढे नाणे तेवढीच फेरी. म्हणून रांग अशी फारशी लागत नसे. पाळण्याभोवती घोळका असे. त्या घोळक्यात बसू इच्छिणारे कमी आणि पाहणारे अधिक. पाहणे फुकट होते आणि तो जत्रेचा निम्मा आनंद होता. पाळणेवाल्याचेही एक शास्त्र असे. गर्दी वाढली की फेऱ्या आखूड करायच्या, ओसरली की लांबवायच्या आणि रिकाम्या खोक्यात दोन पोरे फुकट बसवायची, म्हणजे पाळणा फिरता दिसतो. पुरवठा आणि मागणी यांचा मेळ तो पुस्तक न वाचता घालत असे.

दुसरी गोष्ट काळाची. जत्रा तिथीवर भरते. माणूस तिथे 'किती वाजता' जातो हे महत्त्वाचे नसते, 'कोणत्या दिवशी' जातो हे असते. दिवस ठरलेला आणि तास मोकळे, अशी ती कालरचना होती. आरक्षणाने पुढे जे बदलले ते नेमके हेच.

२

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले तेव्हा तेही एका अर्थाने कुंपण घातलेली जत्राच होते. आत जायचे वेगळे पैसे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे. त्याच वर्षी तिकिटांची पुस्तिका निघाली. खेळांना अ, ब, क अशा अक्षरांच्या श्रेणी लावल्या; १९५६ मध्ये चौथी आणि १९५९ मध्ये पाचवी श्रेणी आली. पाचव्या श्रेणीचे तिकीट सर्वांत थरारक खेळांचे. पुस्तिकेत वरच्या श्रेणीची तिकिटे मोजकी असत, म्हणून कुटुंबे ती जपून वापरत. खालच्या श्रेणीची तिकिटे घरी उरत. म्हणजे कोणत्या खेळावर गर्दी व्हावी हे पुस्तिकेची बांधणीच काही अंशी ठरवत होती.

१९८२ मध्ये ही पुस्तिका बंद झाली. एकदाच प्रवेशशुल्क भरा आणि आत हवे ते, हवे तितक्या वेळा खेळा, अशी पद्धत आली. ग्राहकाला ती उदार वाटली. तिच्यातला व्यवहार मात्र नीट पाहिला पाहिजे. एखाद्या वस्तूची किंमत पैशांत घेणे थांबले म्हणून ती अमर्याद होत नाही. खेळाच्या जागा मोजक्याच राहिल्या. आता त्यांची किंमत मिनिटांत द्यावी लागू लागली. सर्वांत चांगल्या पाळण्याची किंमत दीड तास, साध्या पाळण्याची दहा मिनिटे. रांग ही उद्यानाची नाणेव्यवस्था झाली.

आपल्याकडे हे दुसरे पर्व १९८९ मध्ये मुंबईच्या गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले तेव्हा आले. त्याआधी १९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर उघडले होते. परंतु मराठी मध्यमवर्गाच्या कल्पनेत 'खाडी ओलांडून बोटीने जायचे ते ठिकाण' हेच पहिले मनोरंजन उद्यान ठरले. प्रवेशाच्या तिकिटात बहुतेक खेळ सामावलेले, ही रीत येथेच मराठी माणसाच्या अंगवळणी पडली. आणि पैसे आधीच भरले आहेत तर ते 'वसूल' झाले पाहिजेत, ही वृत्तीही. जत्रेतला माणूस खिसा रिकामा झाला की सुखाने घरी येई. उद्यानातला माणूस किती खेळ झाले ते बोटांवर मोजत परतू लागला. विदर्भातल्या शाळांच्या सहली मुंबई दाखवायला जात तेव्हा 'किती राइडी झाल्या' हा प्रश्न राणीच्या बागेपेक्षा मोठा होऊ लागला तो या काळात.

३

रांग हे नाणे झाले तरी उद्यानाच्या मालकाला ते खिशात घालता येत नव्हते. पाहुण्याने दीड तास दिला, पण तो कुणालाच मिळाला नाही. रांगेत उभा असलेला माणूस काही खात नाही, काही विकत घेत नाही, आणि घरी जाऊन तक्रार करतो.

वाट पाहण्याचे गणित त्याआधीच मांडले गेले होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणिती एर्लांग याने १९०९ मध्ये फोनच्या मागण्यांचा अभ्यास करून रांगशास्त्राचा पाया घातला. वाट पाहण्याचे मानसशास्त्र डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये एका निबंधात मांडले. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचे हे ठाऊक नसेल तर थांबणे असह्य होते. आणि आपल्याला डावलले जात आहे असे वाटले तर ते आणखी लांबते, हे त्यांचे मुख्य मुद्दे. भूपाळीपासून काकड्यापर्यंत नामस्मरणात बारी पुढे सरकते तेव्हा पहिल्या मुद्द्याची प्रचीती येते. रेशनच्या दुकानात मागच्या दाराने पोते गेलेले दिसले की तिसऱ्याची.

१९९९ मध्ये डिस्नेने 'फास्टपास' आणला. खेळाच्या दाराशी यंत्र असे. त्यात प्रवेशाचे तिकीट सरकवले की चिठ्ठी येई: अमुक ते अमुक या तासात परत या. त्या तासात आलेल्याला वेगळ्या वाटेने जवळजवळ थेट आत घेतले जाई. पैसे पडत नसत. गिरणीत डबा ठेवून बाजार करून यावा तसेच हे होते, आणि क्रम समान होता: जो आधी आला त्याने आधीची चिठ्ठी घेतली.

मग तक्रार कशाची? येथे थोडे अंकगणित करू. समजा एका पाळण्यावर तासाला १००० माणसे बसू शकतात. रांगेत ६०० माणसे असतील तर शेवटच्या माणसाला ३६ मिनिटे थांबावे लागेल. आता त्या १००० जागांपैकी ७०० चिठ्ठीवाल्यांसाठी राखल्या. उभ्या रांगेच्या वाट्याला तासाला ३०० जागा उरल्या. तीच ६०० माणसांची रांग संपायला दोन तास लागतील. यावर उत्तर असे की चिठ्ठीवाले पूर्वी याच रांगेत उभे असते, म्हणजे रांग मुळात मोठी असती. खरे आहे. पण चिठ्ठीवाला त्या वेळात घरी बसलेला नसतो. तो शेजारच्या पाळण्याच्या रांगेत उभा असतो. पूर्वी एक माणूस एका वेळी एकाच रांगेत असे. आता तो दोन रांगांत आहे. पाळणा पूर्वीइतक्याच वेगाने फिरतो, जागा एकही वाढलेली नाही. आरक्षण आसने निर्माण करत नाही, वाट पाहण्याचे फेरवाटप करते, ही या साऱ्या विषयातली मध्यवर्ती गोष्ट आहे.

आणि फेरवाटप कुणाकडून कुणाकडे? प्रारंभी ते अजाणाकडून जाणकाराकडे झाले. ज्याला यंत्राची युक्ती ठाऊक, जो पहाटे पोचला, ज्याच्या घरातला एक जण पळत जाऊन साऱ्यांच्या चिठ्ठ्या काढू शकला, त्याचा दिवस सुखाचा. पुढे फ्लोरिडातल्या उद्यानांत २०१३-१४ च्या सुमारास मनगटपट्टी आणि दूरध्वनीवरचे ॲप आले. तेव्हा उद्यानाच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि इतरांना ३० दिवस आधी खेळांच्या वेळा निवडता येऊ लागल्या. कोणत्या मंगळवारी किती वाजता मूल कोणत्या घोड्यावर बसेल हे दोन महिने आधी ठरू लागले. सहलीचे वेळापत्रक झाले. मूल एखाद्या कारंज्यापाशी रमले तर आई घड्याळ पाहू लागली. तिथी ठरलेली आणि तास मोकळे, ही जत्रेची कालरचना येथे पुरती उलटी झाली.

शेवटचे पाऊल साथीनंतर पडले. मार्च २०२० मध्ये उद्याने बंद झाली, आणि ती पुन्हा उघडल्यावर फुकट चिठ्ठी परत आलीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात तिच्या जागी माणशी दिवसाला १५ डॉलरपासूनची सशुल्क सोय आली. सर्वांत लोकप्रिय खेळांसाठी वेगळे पैसे. २०२४ मध्ये तिचे नाव बदलले, तत्त्व तेच राहिले. म्हणजे १९५५ मध्ये प्रत्येक खेळाचे पैसे होते, १९८२ मध्ये ते जाऊन वेळ द्यावा लागला, १९९९ मध्ये वेळेऐवजी चलाखी, आणि २०२१ मध्ये पुन्हा पैसे. चक्र पूर्ण झाले. फरक एवढाच की आता प्रवेशशुल्कही द्यायचे, आणि न देणाऱ्याने देणाऱ्याला पुढे जाताना पाहायचेही.

आपल्याकडे २०१३ मध्ये खोपोलीजवळ उघडलेल्या इमॅजिकात जादा पैशांचे 'एक्स्प्रेस' तिकीट मिळते. फुकट चिठ्ठीचे मधले पर्व आपण फारसे पाहिलेच नाही. आपण थेट शेवटच्या प्रकरणात शिरलो.

४

पण मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. कारण आपल्या सर्वांत मोठ्या रांगा पाळण्याच्या नाहीत, देवाच्या आहेत, आणि तेथे हा प्रश्न फार आधी उभा राहिला. बहुसंख्य मराठी कुटुंबांची सहल म्हणजे आजही देवदर्शन. शेगावला गेले की दर्शन, महाप्रसाद, आणि या शतकाच्या आरंभी संस्थानाने उभारलेल्या आनंदसागरात मुलांसाठी फेरी, असा विदर्भातल्या एका पिढीचा सुटीचा आराखडा होता. आनंदसागर पुढे काही वर्षे बंद राहिले, परंतु देऊळ आणि उद्यान एकाच सहलीचे दोन भाग असू शकतात हे त्याने दाखवले.

देवाच्या रांगेचा पहिला प्रश्न 'आधी कोण' हा नव्हता. 'रांगेत कोण' हा होता. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी आहे, गाभाऱ्याच्या वाटेवर नाही, आणि वारकऱ्याच्या मनात त्या जागेचा अर्थ स्पष्ट आहे. १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १ मे १९४७ पासून दहा दिवस साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडले. आज आपण कंटाळून, पाय दुखत, ज्या दर्शनबारीत उभे राहतो तिच्यात उभे राहण्याचा हक्क मिळवण्यासाठी माणसे मार खात होती. एकाच बारीत, आल्या क्रमाने, कुणाचे कूळ न विचारता उभे राहणे ही आधुनिक महाराष्ट्राची कमाई आहे. रांग ही गैरसोय आहे, आणि ती समतेची एक संस्थाही आहे.

या संस्थेला तडे गेले नाहीत असे नाही. पंढरपुरात पदस्पर्शदर्शन आणि मुखदर्शन या दोन वाटा आहेत. मुंबईत लालबागच्या राजापुढे नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळी. पण येथे भेद वेळेचा आणि निकटतेचा आहे: ज्याला जवळ जायचे त्याने अधिक थांबायचे. किंमत साऱ्यांना मिनिटांतच द्यावी लागते. सशुल्क दर्शनाने हे बदलले. तिरुपतीला तीनशे रुपयांचे विशेष प्रवेशदर्शन, शिर्डीला सशुल्क दर्शनाचा पास, ही त्याची रूढ रूपे.

पंढरपूरची एक प्रथा मात्र येथे नोंदवली पाहिजे. आषाढी-कार्तिकीच्या यात्राकाळात देवाचा पलंग काढतात. शेजारती होत नाही, निजण्याचे उपचार थांबतात, आणि विठ्ठल अहोरात्र दर्शनासाठी उभा राहतो. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजेने त्याला विश्रांती मिळते. गर्दी वाढली तेव्हा परंपरेने काढलेला हा तोडगा पाहण्यासारखा आहे. भक्तांत श्रेणी लावली नाही. देवाची झोप कमी केली. आरक्षणाने आसने वाढत नाहीत असे वर म्हटले. येथे आसने वाढवली गेली.

५

तरीही आरक्षणाच्या बाजूने बोलणे अवश्य आहे, आणि ते सोयीच्या नावाने नाही, जिवाच्या नावाने. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास माणसे मेली. त्याआधी ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९. अरुंद वाटेवर एकाच वेळी एकाच दिशेने लोटलेल्या गर्दीला क्रम नसेल तर ती माणसे मारते. वेळ वाटून देणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रातली देवळे आठ महिन्यांनी उघडली तेव्हा शेगावला ई-पासची पद्धत आली आणि ठरावीक वेळी ठरावीक भाविक सोडले गेले. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, पायाने अधू असलेले यांच्यासाठी चार तास उभे न राहणे ही चैन नाही.

पण उपायाचीही रांग लागते, हे विसरता येत नाही. ८ जानेवारी २०२५ रोजी तिरुपतीत वैकुंठ एकादशीच्या दर्शनाची टोकने घेण्यासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि सहा जण दगावले. दर्शनाच्या रांगेत ते पोचलेच नव्हते. दर्शनाची पाळी ठरवणाऱ्या टोकनाच्या रांगेत ते होते. वेळ वाटून देणारी व्यवस्था स्वतः कशी वाटली जाते, हा प्रश्न तिच्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

येथे पुसदकडून पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते, जी खोपोली किंवा फ्लोरिडाकडून दिसत नाही. आमच्या गावाला रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब हा तुकडा सुरू झाला. पुसदचा माणूस एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने निघतो. अकरा ते बारा ही दर्शनाची किंवा खेळाची वेळ त्याने महिनाभर आधी घेतली, आणि वाटेत गाडी तासभर खोळंबली, तर त्याचा क्रम गेला. ठरावीक वेळेचे आरक्षण त्यालाच लाभते ज्याचा सारा रस्ता ठरावीक आहे. ज्याचा प्रवास अनिश्चित त्याला निश्चितीची सर्वाधिक गरज, आणि ती पाळणे त्यालाच सर्वांत अवघड. उभी रांग निदान उशिरा आलेल्याला शेवटी तरी उभे करते.

हा अनुभव करमणुकीपुरता नाही. या जिल्ह्याने रांग शिकली ती कापसाच्या बाजारात. वसंतराव नाईक हे जवळच्या गहुलीचे. ते मुख्यमंत्री असताना, १९७२ मध्ये, एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली आणि सुमारे तीन दशके चालली. हंगामात खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. शेतकरी गाडीखाली झोपे, बैलांचा कडबा सोबत आणी, ग्रेडर येईपर्यंत आणि काट्यावर गाडी चढेपर्यंत दिवस जात. त्या रांगेत हाल होते. पण त्याच रांगेत भावाच्या बातम्या, सोयरिकी, राजकारण आणि चुकाऱ्यांच्या तक्रारी यांची देवाणघेवाण होई. 'उभी रांग' माणसांना एकमेकांसमोर ठेवते, म्हणून तिच्यातून गाऱ्हाणे सामूहिक होऊ शकते. २०२५ मध्ये भारतीय कापूस महामंडळाने 'कपास किसान' नावाचे ॲप आणले: नोंदणी करा, कापूस आणण्याचा दिवस निवडा, मग या. तीन दिवस गाडीखाली झोपण्यापेक्षा हे निश्चित बरे. पण ज्याला ॲप उघडत नाही, ज्याचे नाव जुळत नाही, तो आता एकटा आहे. त्याच्या मागेपुढे कुणी उभे नाही.

पाळण्याची चिठ्ठी आणि कापसाचा नंबर यांत प्रचंड अंतर आहे. एकात सुटीचा दिवस पणाला लागतो, दुसऱ्यात वर्षाची कमाई. परंतु यंत्रणेचे तर्कशास्त्र एकच आहे, आणि म्हणूनच मनोरंजन उद्यानांचा इतिहास केवळ चैनीचा इतिहास समजून बाजूला ठेवता येत नाही. तेथे एखादी पद्धत ग्राहकांवर अजमावली जाते. हळूहळू ती नागरिकांवर लागू होते. रेल्वेत १९९७ मध्ये 'तत्काळ' आले, तेव्हा घाईची किंमत ठरली. घाईची किंमत ठरली की संथपणाचीही ठरते: ज्याला जादा पैसे देता येत नाहीत त्याचा वेळ स्वस्त, असा तिचा अर्थ निघतो.

६

या पालटाचा सहलीवर झालेला परिणाम मोजायचा तर दोन्ही पारडी मांडावी लागतील. आरक्षणाने उभे राहणे कमी केले, अनिश्चिती कमी केली, दुर्बलांना आधार दिला, आणि जिथे नीट राबवले तिथे जीव वाचवले. त्याने सहलीतून काय घेतले? आधी अवचितपणा. मग पाहण्याचा आनंद, कारण वेळापत्रक हाती असलेला माणूस दुसऱ्याचा पाळणा पाहत उभा राहत नाही. मग सोबत, कारण आभासी रांगेत शेजारी नसतो. आणि जिथे क्रम विकला गेला तिथे त्याने मुलांना एक धडा दिला, जो कुठल्याही शाळेच्या पुस्तकात नाही: जे मूल बापाचे बोट धरून तासभर उभे आहे त्याच्या डोळ्यांसमोरून दुसरे मूल बाजूच्या वाटेने हसत आत जाते, आणि बापाला त्याचे कारण सांगावे लागते.

आपल्या भाषेने या दृश्यासाठी शब्द कधीच घडवून ठेवला आहे. पंगतीत एकाच्या पानावर तूप आणि शेजाऱ्याच्या पानावर कोरडा भात वाढला तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो वाढणाऱ्याचा दोष मानला जातो, जेवणाऱ्याचा नाही. तूप ज्याला हवे त्याने ते घरी विकत घेऊन खावे. त्यात कुणाचे काही जात नाही. जादा पैसे घेऊन उद्यानाने कुणाला वेगळा पाळणा बांधून दिला असता, तर ती त्याची खासगी चैन असती. पण येथे पाळणा तोच आहे आणि त्याच्या जागाही तितक्याच. पुढे गेलेल्याचे प्रत्येक मिनिट मागे राहिलेल्याच्या खात्यातून काढलेले आहे.

म्हणून आरक्षणाच्या प्रत्येक नव्या पद्धतीला, मग ती उद्यानात असो, देवळात असो की खरेदी केंद्रावर, तीन साधे प्रश्न विचारावेत. तिने जागा वाढवल्या की केवळ वाट पाहणे इकडचे तिकडे केले? क्रम गरजेवर लागतो, आल्या वेळेवर लागतो, की पैशावर? आणि ज्याला तिची रीत जमली नाही त्याच्यासाठी उभे राहायला एखादी साधी रांग शिल्लक ठेवली आहे का? पहिल्या दोहोंची उत्तरे ठिकाणानुसार निरनिराळी येतील, आणि यावीत. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले तर समजावे, की ज्या दारासाठी १९४७ मध्ये उपोषण करावे लागले त्यासारखे एक दार पुन्हा हळूच लोटून घेतले जात आहे, आणि या वेळी दारावर माणूस नसल्याने भांडायचे कुणाशी हेही कळणार नाही.